हरिश्चंद्रगडावरचा पहिला मुक्काम: वाट, वजन आणि डिसेंबरची रात्र

प्रश्न असा आहे: सहा मित्र, सगळे पंचविशी-तिशीतले. दिवसभराचे दोन-चार ट्रेक झालेत, मुक्काम मात्र एकही नाही. डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी हरिश्चंद्रगडावर टेंटमध्ये राहून रविवारी उतरायचं ठरतंय. वाट कोणती घ्यावी, पाठीवर काय आणि किती न्यावं, आणि नवख्यांचं नेमकं कुठे चुकतं?

चुकतं कुठे, ते आधी सांगतो. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. चढ सहसा कुणाला आडवा येत नाही. दम लागतो, पाय भरून येतात, पण माणूस पोचतो. घोळ सुरू होतो संध्याकाळी सहानंतर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे चढायला तीन तास आणि थंडीत काढायला तेरा. तरी सगळी चर्चा चढाईची होते आणि रात्रीची तयारी ‘बघू वर गेल्यावर’वर सोडली जाते. मग उशिरा पोचणं, अंधारात टेंट लावणं, घामेजल्या कपड्यांतच बसून राहणं, तळाला पातळ मॅट आणि बाटलीत घोटभर पाणी अशी साखळी लागते. म्हणून सगळं नियोजन संध्याकाळपासून मागे मोजत या.

पाच वाजता टेंट उभे असले पाहिजेत. त्यासाठी साडेतीन-चारपर्यंत माथ्यावर पोचायला हवं, आणि त्यासाठी पाचनईतून बारापर्यंत पाऊल उचललं पाहिजे. पुण्या-मुंबईहून पहाटे पाचला निघालात तर हे आरामात जमतं. सातला निघून, वाटेत मिसळीला तासभर बसलात तर नाही जमत. एक मर्यादा घरीच ठरवून टाका: दुपारी दोननंतर पायथा सोडायचा नाही. उशीर झालाच तर पाचनईत एखाद्या घरी जेवणाची-राहण्याची सोय बघा आणि रविवारी पहाटे हलक्या सॅकनं गड चढा. ट्रेक वाया जात नाही, फक्त टेंट उघडला जात नाही.

वाटेबद्दल. रूढ वाटा दोन: अकोले तालुक्यातल्या पाचनईतून एक आणि जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे दुसरी. पाचनईची वाट सोपी आणि छोटी आहे. ठळक पायवाट, कातळाच्या ओठाखालून जाणारा आडवा टप्पा, मग ओढ्याच्या साथीनं गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिरापर्यंत. रिकाम्या हातानं दोन तास, मुक्कामाच्या सॅकनं अडीच ते तीन. जुने ट्रेकर या वाटेला नाकं मुरडतात, मुरडू द्या. पहिल्या मुक्कामाला हीच घ्या आणि उतराही हिनंच. पुण्याहून ओतूर-ब्राह्मणवाडा-कोतूळमार्गे आणि मुंबई-नाशिककडून राजूरमार्गे गाडी थेट पायथ्याशी येते.

खिरेश्वरची वाट सुंदर आहे, पण सॅक घेऊन साडेचार-पाच तास धरा. चढाईचा वेळ काढायचा जुना नेस्मिथचा हिशेब आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तो सरावलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. नवख्या गटानं ओझ्यासकट त्याची दीडपट करावी. एसटीनं यायचं तर मात्र खिरेश्वरच सोयीचं. कल्याण-आळेफाटा गाडीनं खुबी फाट्याला उतरायचं आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेनं पाचेक किलोमीटर गाव गाठायचं. वाघाचं शिल्प असलेल्या तोलार खिंडीत पाणी पिऊन घ्या. तिथून लगेच कातळटप्पा सुरू होतो. रेलिंग आहेत, तरी सॅकचे पट्टे घट्ट करूनच चढा, कारण सैल सॅक ऐन पाऊल उचलताना एका बाजूला ओढते. चुकतात लोक त्याच्याही पुढे, पठारावरच्या जंगलात. एकामागून एक टेकाडं लागतात, गुरांच्या वाटा फुटतात आणि प्रत्येक वाट खरी वाटते. दहा मिनिटं चालून वापराच्या खुणा दिसल्या नाहीत तर पुढे रेटू नका, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. नकाशा घरूनच फोनमध्ये ऑफलाइन उतरवून आणा. वर रेंज कुठे मिळते, कुठे नाही.

तिसरी वाट कोकणातल्या बेलपाड्याहून येणारी नळीची. तिचे व्हिडिओ पाहून कुणीतरी ती सुचवेलच. दगड पडण्याचा धोका आहे आणि दोराचं काम आहे. पहिल्या मुक्कामाच्या सॅका घेऊन तिकडे जाऊ नये.

आता वजन. एका रात्रीसाठी ४५ ते ५० लिटरची सॅक पुरते आणि पाण्यासकट भार शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत राहिला पाहिजे. साठ किलोच्या माणसाला बारा ही कमाल मर्यादा, आठ ते दहात भागवता आलं तर उत्तम. भरताना स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू (पाणी, शिधा, टेंटचा भाग) मध्ये आणि पाठीला चिकटून, हलके कपडे बाहेरच्या बाजूला. जड वस्तू बाहेरच्या खिशांत गेली की सॅक मागे खेचते, माणूस पुढे वाकतो आणि तासाभरात खांदे बोलू लागतात. पट्टे लावायचाही क्रम आहे. आधी कमरेचा पट्टा, तोही पोटावर नको, कमरेच्या हाडावर. मग खांद्याचे पट्टे ओढायचे. छातीचा सगळ्यात शेवटी. बहुतेक भार कमरेवर यायला हवा. खांदे दुखतायत म्हणजे कमरेचा पट्टा सैल आहे असं समजा. सॅकच्या आत मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी लावून तिच्यात कपडे आणि स्लीपिंग बॅग ठेवा. डिसेंबरात पाऊस नसला तरी बाटली गळते.

सहा जणांना तीन-तीन माणसांचे दोन टेंट कागदावर पुरतात, पण सॅका आत घेतल्यावर तीन जणांच्या टेंटमध्ये दोनच सुखानं झोपतात. तीन टेंट नाहीतर चार-चार माणसांचे दोन धरा. एक जण पूर्ण टेंट उचलतोय असं करू नका; एकाकडे पोल आणि खुंट्या, दुसऱ्याकडे कापड. फक्त ते दोघे चालताना एकमेकांपासून लांब जाऊ देऊ नका. आणि टेंट भाड्यानं आणला असो की विकत, आदल्या आठवड्यात गच्चीवर एकदा उभा करून पाहा. पोलचा एक तुकडा कमी असल्याचं गडावर कळलं तर त्यावर उपाय नाही. शनिवार-रविवारी गडावर स्थानिक लोक टेंट भाड्यानं देतात, जेवणही देतात. गावात आधी फोन करून ठरवलंत तर पाठीवरचे दोन-अडीच किलो कमी होतात आणि पैसे पाचनईतल्याच घरात जातात. पहिल्या खेपेला हा मार्ग वाईट नाही.

टेंट लावायचा कुठे, हा रात्रीचा सगळ्यात मोठा निर्णय. सगळ्यांना कोकणकड्यावरच, म्हणजे गडाच्या पश्चिमेला कोकणात तुटणाऱ्या उभ्या कड्याच्या माथ्यावर, झोपायचं असतं. मंदिरापासून कडा साधारण अर्ध्या तासावर आहे. सूर्यास्त तिथे जरूर पाहा, हेडटॉर्चच्या उजेडात परत या आणि झोपा मंदिराच्या परिसरात, आडोशाला. कारणं दोन. कोकणातून वर येणारा वारा कड्यावर रात्रभर टेंट झोडपत राहतो. आणि रात्री दोनला लघवीला उठलेला, अर्धवट झोपेतला माणूस कड्याच्या धारेपासून जितका लांब तितकं बरं. तिथेच राहायचा हट्ट असेल तर निदान शंभर-दीडशे पावलं मागे टेंट लावा आणि टेंट व कडा यांच्यामध्ये रात्री कुणी जाणार नाही, हे जेवायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

जागा बघताना ओढ्याचं पात्र आणि खोलगट भाग टाळा. थंड हवा जड असते, ती रात्री उतरून खळग्यात साचते. तिथून दहा-पंधरा फूट उंच जागेवरही फरक जाणवतो. टेंटची निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार उलट दिशेला. गडावर बऱ्याच ठिकाणी मातीच्या पातळ थराखाली कातळ आहे, खुंटी चार बोटं जाते आणि वाकते. अशा वेळी दोरी मोठ्या दगडाला गुंडाळून बांधा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. दगड डोक्याएवढा तरी हवा. पण मंदिराचे, लेण्यांचे किंवा जुन्या बांधकामाचे दगड उचलू नका. बाहेरचं कापड आतल्या कापडाला चिकटणार नाही इतकं ताणून घ्या, आणि थंडी वाजते म्हणून वरची झडप बंद करू नका. दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर आतच राहिली तर पहाटे छतातून थेंब पडतात आणि स्लीपिंग बॅग ओली होते. लोक म्हणतात टेंट गळला, गळलेला नसतो.

थंडीचा हिशेब असा. उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी घटतं. गड १४२४ मीटर, पुणं साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे पुण्यात बारा असतील तर वर सहा-सात. त्यात वारा आला की अंगाला त्याहून कमी वाटतं. ही काही हिमालयाची थंडी नव्हे, पण शहरातल्या पातळ जॅकेटची परीक्षा घेणारी नक्कीच आहे.

थंडीशी पहिली लढाई पोचल्यावरच्या दहा मिनिटांत असते. पोचलात की गप्पा मारत बसू नका, आधी ओले कपडे काढा. बनियन, टी-शर्ट, मोजे, सगळं. अंग गरम असतं तोवर थंडी कळत नाही, आणि कळते तेव्हा ओला सुती कपडा अंगातली ऊब भराभर ओढत असतो. चढताना सुती नको, घाम लवकर वाळवणारा खेळाचा टी-शर्ट बरा. झोपायचा जोड वेगळा, कोरडा आणि पिशवीत बांधलेला. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर विंडचीटर, डोक्याला माकडटोपी. जाड एका जॅकेटपेक्षा हे तीन थर बरे, कारण चढताना आणि बसताना कमी-जास्त करता येतात. झोपायचे मोजे चालायला वापरायचे नाहीत.

दुसरी लढाई जमिनीशी. स्लीपिंग बॅगचा तुमच्या अंगाखालचा भाग दबून निरुपयोगी होतो, तिथे ऊब राखते ती मॅट. घरातली ६ मिलिमीटरची योगा मॅट कमी पडते. १० मिलिमीटरचा फोम घ्या, नाहीतर दोन पातळ मॅट एकावर एक. मॅटमध्ये कंजूषी करून महाग स्लीपिंग बॅग आणलेला माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. बॅगवर तापमानाचे दोन-तीन आकडे लिहिलेले असतात. त्यांतला ‘कम्फर्ट’चा बघा, या गडाला ५ अंश पुरतो. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा म्हणजे माणूस कसाबसा तग धरेल ते तापमान, विकणारे नेमका तोच मोठ्या अक्षरांत दाखवतात. झोपताना पोट भरलेलं असू द्या. शेंगदाणा चिक्की किंवा गूळ-खोबरं उशाशी ठेवा, मध्यरात्री थंडी वाजली तर त्याचा खरोखर उपयोग होतो. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी घेतलं तर पहाटेपर्यंत पाय शाबूत राहतात. तोंड बॅगच्या बाहेरच ठेवा; आत श्वास सोडला की बॅग दमट होते.

शेकोटीचा विचार सोडून द्या. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. डिसेंबरात पठारावरचं गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीनं वणवा लागू शकतो. मुक्कामाचे आणि टेंटचे नियमही वनखात्याच्या हातात आहेत. निघायच्या दोन दिवस आधी गावातल्या ओळखीकडून किंवा नाक्यावर विचारून घ्या.

जेवणाबद्दल थोडक्यात: पहिल्या रात्री गडावरचं पिठलं-भाकरी खा. आधी सांगून ठेवावं लागतं, इतकंच. हौस म्हणून खिचडी करायचीच असेल तर माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम मूगडाळ. सहा जणांचे ९०० ग्रॅम, त्याला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी आणि सहा लिटरचं पातेलं लागतं. छोट्या गॅसवर ते पातेलं डुगडुगतं, म्हणून दोन खेपांत करा. डाळ-तांदूळ घरी भाजून, हळद, मीठ, गोडा मसाला मिसळून पिशव्या बांधून आणा. २३० ग्रॅमचं गॅसचं एक कार्ट्रिज (छोटा डबा) रात्रीचं जेवण आणि दोनदा चहाला पुरतं, पण ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळ वायू व्हायला कुरकुरतो, त्यामुळे पहाटे ज्योत मरगळते. कार्ट्रिज रात्री स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून ठेवा. आणि कितीही वारा असो, टेंटच्या आत गॅस पेटवायचा नाही. आगीचा धोका दिसतो. कार्बन मोनॉक्साइडचा दिसत नाही, वासही येत नाही.

पाणी माणशी तीन लिटर घेऊन चढा. निम्मं चढताना संपतं, उरलेलं रात्रीसाठी. वर मंदिराजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत; पिण्याचं टाकं कोणतं, ते तिथल्या स्थानिकांना विचारा. पाणी नितळ दिसलं तरी दुहेरी कापडातून गाळून मिनिटभर खळखळ उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचं काम नीट होत नाही, म्हणून गाळणं आधी. सप्ततीर्थ पुष्करणी या दगडी कुंडात आणि टाक्यांत भांडी, तोंड, पाय काही धुवायचं नाही. शौचाला पाण्यापासून किमान सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, वरून माती. टिश्यू, वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड दुहेरी पिशवीत घालून खाली आणायचे. कागद जिरतो म्हणतात. वेट वाइप्स जिरत नाहीत.

बूट नवे नकोत, आणि फार जुनेही नकोत. कपाटात चार वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा तळ वरून धडधाकट दिसतो, पण त्यातला फोम दमट हवेनं आतून सडलेला असतो. तासाभराच्या चालीत अख्खा तळ सुटून हातात येतो. सुतळी आणि रुंद चिकटपट्टी जवळ ठेवा. पायाच्या नखांना आदल्या दिवशी कात्री, नाहीतर उतरताना अंगठे काळेनिळे होतात. टाच चुरचुरली की तिथेच थांबून पट्टी लावा; फोड आल्यावर लावलेली पट्टी उशिराच असते.

गट चालवायचा तो सगळ्यात हळू माणसाच्या चालीनं. वाट माहीत असलेला एक पुढे, शांत डोक्याचा एक शेवटी, आणि मधलं कुणी शेवटच्याच्या मागे राहत नाही. प्रत्येकाकडे स्वतःची हेडटॉर्च, जास्तीचे सेल आणि शिट्टी. मोबाइलचा टॉर्च हिशेबात धरू नका, कारण थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. घरी एका माणसाकडे वाट, गावातल्या संपर्काचा नंबर आणि ‘रविवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर’ काय करायचं, ते लिहून द्या. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८. डोंगरातल्या बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघायच्या आधी शोधून सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. तरी पहिली मदत बहुधा गावातूनच येते, म्हणून तो नंबर सगळ्यात वर.

कोकणकड्यावर तीन गोष्टी सांभाळा. एक, कड्याच्या अलीकडे कातळावर बारीक घसारा असतो. बुटाखाली तो ज्वारीच्या दाण्यांसारखा सरकतो. वाळलेलं गवतही तितकंच निसरडं. दरी बघायची तर सॅक उतरवून, पोटावर झोपून, आणि एकानं पाय धरून. उभ्यानं सेल्फी नाही. दोन, आग्या मोहोळं. अशा कड्यांना ती लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, दगड टाकणं, यांतलं काहीही त्यांना उठवू शकतं. उठलीच तर तोंड-मान झाकून कड्यापासून उलट दिशेला निघा. तीन, काळोखात कड्यावर दारू तर नकोच. ती अंगातली ऊबही घालवते. ‘थंडीवर औषध’ हा समज उलटा आहे. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात इथून पाहिलेल्या इंद्रवज्राची (धुक्यावर दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची) आशा डिसेंबरात धरू नका. त्याला समोर दरीत धुकं आणि पाठीशी सूर्य लागतो. तो पावसाळ्यातल्या सकाळचा खेळ आहे.

सापांची भीती बहुतेकांना असते तेवढी डिसेंबरात बाळगायचं कारण नाही, पण टेंटची चेन कायम बंद, बूट आत, सकाळी झटकून घालायचे आणि दगड उचलताना आधी पायानं हलवायचा. चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. तो हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून खाली न्या आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोचवा. माकडांचा उपद्रव याहून नेमाचा आहे. खाण्याची पिशवी उघड्यावर ठेवली की गेली.

तयारीला तीन-चार आठवडे द्या. बिल्डिंगचे जिने सॅकमध्ये सात-आठ किलो घालून, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास. उतरतानाही सॅक पाठीवरच ठेवा. गुडघे दुखतात ते उतरताना. पुण्यातले असाल तर आतकरवाडीतून सिंहगड त्याच सॅकनं एकदा करून पाहा. दीड तासात वर पोचून बोलता येत असेल तर पाचनई जमेल.

रविवारी केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उतरायचा मोह होतो. पाणी कंबरभर आणि बर्फगार असतं. उतरायचं तर कोरडे कपडे आणि टॉवेल आधी काठावर काढून ठेवा. तारामती शिखर नाश्त्याच्या आधी, सॅक टेंटमध्ये ठेवून करा. दहा-साडेदहाला गड उतरायला लागा, खाली गावात जेवा. गाडी सहातल्या कुणी चालवायची असेल तर त्या माणसानं आदल्या रात्री दहाला झोपायचं, गप्पांत बसायचं नाही. पाचनईपासूनचा घाटरस्ता अरुंद आहे. खर्च झेपत असेल तर चालकासकट गाडी करा. टेंट दवानं ओला असतो आणि तसाच गुंडाळून आणावा लागतो. घरी आल्यावर त्याच रात्री उघडून सावलीत वाळत घाला, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते आणि भाड्याचा असेल तर अनामतीतून पैसे कापले जातात.